सातवा रकाना

आमच्या कंपनीत कँटीनबाहेर नोटीस बोर्ड आहे. सुट्ट्यांची यादी, सेफ्टीची पोस्टर्स, कुणाची तरी विकायला काढलेली मोटारसायकल असं काहीबाही त्यावर असतं, म्हणून एरवी मी तिकडे बघत नाही. २०२४ च्या जूनमध्ये फर्स्ट शिफ्ट सुटली तेव्हा पाऊस लागला होता. बस यायची होती म्हणून त्या बोर्डाच्या आडोशाला उभी राहिले आणि एक कागद वाचला. ‘कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी महाविद्यालयीन शिष्यवृत्ती.’ खाली बारीक अक्षरात होतं, ‘विद्यार्थी-नेतृत्वाला प्राधान्य.’

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर आहे. गाडीच्या पोटात जे वायरींचं जाळं असतं, ते आम्ही बायका बोर्डावर मांडून, टेप गुंडाळून, कनेक्टर बसवून तयार करतो. चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ पर्मनंट. मुलांचे बाबा शाळेची व्हॅन चालवतात. घर भोसरीला, अकरा खोल्यांच्या चाळीत. मोठी मुलगी त्या वर्षी बारावी झाली होती आणि पुण्यात शिवाजीनगर भागातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेत होती. धाकटा तिला ताई म्हणतो, म्हणून आम्हीही ताईच म्हणतो. इथेही तेच नाव ठेवते.

त्याच वर्षी जुलैत सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची फी माफ करण्याचा निर्णय काढला. चाळीत सगळ्यांनी मला पेढे मागितले. पण ती माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना होती, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी अशा. ताईचा कोर्स त्यात बसत नव्हता. कॉलेजची फी, येण्याजाण्याचा खर्च आणि आज ना उद्या लागणारा लॅपटॉप यांची बेरीज आम्ही कॅलेंडरच्या मागे रोज करायचो. म्हणून तो कागद मी फोनमध्ये फोटो काढून घरी आणला.

अर्जात सहा रकाने सोपे होते. नाव, कर्मचारी क्रमांक, गुण, फी, उत्पन्न, बँक. सातवा रकाना अर्ध्या पानाचा होता : ‘विद्यार्थ्याने केलेले नेतृत्व. तपशील व पुरावा.’

आम्ही तिघं त्या अर्ध्या पानासमोर रात्री साडेअकरापर्यंत बसलो. नेतृत्व म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर फ्लेक्सवरची माणसं येतात. ताई म्हणाली, “आई, मी कधी कशाला उभीच राहिले नाही.” बाबांनी विचारलं, “मॉनिटर होतीस ना?” होती, सातवीत, ते पण तीन महिने. मग आम्ही तेच लिहिलं. वर्गप्रतिनिधी. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन. आंतरशालेय रांगोळीत दुसरा क्रमांक. सोबत पाचशे शब्दांचा निबंध मागितला होता, इंग्रजी, हिंदी किंवा मराठी कुठल्याही भाषेत. ताईने इंग्रजीत लिहिला, कारण इंग्रजीत लिहिलं तरच विचार होतो असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. देशाची प्रगती, तरुणांची जबाबदारी, उद्याचा भारत. पंधरा प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स लावल्या आणि फाइल जमा केली.

ऑगस्टअखेर दोन ओळींचं पत्र आलं. निवड झाली नाही.

मला ते फार लागलं. आणि खरं सांगते, लागण्याचं एक कारण फाइलमध्ये नव्हतंच. त्याच्या आदल्या वर्षी लाइनवर वॉशरूमला जाण्याच्या वेळेवरून बायकांची फार कुचंबणा होत होती. रिलीव्हर, म्हणजे तेवढ्यापुरतं आपल्या जागी उभं राहणारं माणूस, मिळेपर्यंत जाता येत नसे, आणि रिलीव्हर सहा बोर्डांना मिळून एक. आमच्या सेलमधल्या सहा जणींच्या वतीने मी सुपरवायझरशी आणि मग वर जाऊन बोलले होते. पुढे दोन रिलीव्हर झाले, पण बोलाचाली झाली ती झालीच. मला वाटलं, त्याचाच राग मुलीच्या अर्जावर निघाला. चार दिवस मी जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी एचआरच्या मॅडमकडे गेले आणि सरळ विचारलं.

मॅडमनी मला खुर्ची दिली आणि वीस मिनिटं समजावून सांगितलं. ते मी इथे नीट लिहिते, कारण परदेशी कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या पुष्कळ जणांना हे माहीत नसतं. आमची मूळ कंपनी अमेरिकेतली. शिष्यवृत्तीचे पैसे तिच्या फाउंडेशनकडून येतात. फाउंडेशनने कंपनीच्याच लोकांच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायची, तर त्यासाठी तिकडच्या कर खात्याने १९७६ साली नियम घालून दिलेले आहेत. कंपनीने मर्जीतल्या माणसांच्या घरी या वाटेने पैसे पोचवू नयेत, पगाराच्या जागी हे देऊ नये, यासाठी. त्यामुळे निवड करणाऱ्या समितीत कंपनीचा किंवा फाउंडेशनचा माणूस बसू शकत नाही. कंपनीतून रिटायर झालेलासुद्धा चालत नाही. शिष्यवृत्तीचं आमिष दाखवून कुणाला नोकरीत धरून ठेवता येत नाही. एकदा मुलाला मिळाली, आणि नंतर आईने किंवा बापाने नोकरी सोडली, तरी ती बंद करता येत नाही. आणि ज्या अर्जांचा समिती विचार करते, त्यांच्या पाव हिश्शाहून जास्त जणांना एका वर्षात देता येत नाही, ही मर्यादा आमच्याकडे पाळतात. म्हणजे चारात एक.

“तुमच्या सुपरवायझरला हा अर्ज आला होता हेसुद्धा माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी कागद चाळून समितीचा शेरा वाचून दाखवला. एकच ओळ होती : पदे दिसतात, काम दिसत नाही.

घरी येताना मोशीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये बस तासभर उभी होती. तो पूर्ण तास मी त्या एका ओळीवर काढला. घरी आल्यावर ताईला सांगितलं. ती काही बोलली नाही, भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं.”

त्यानंतरचं वर्ष तिने शिष्यवृत्तीसाठी म्हणून काही केलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. अर्जाचा विषयच घरात निघाला नाही. जे झालं ते असं झालं की, सरकारी शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर भरलेला तिचा अर्ज एका कागदावरून परत आला. तिने दुरुस्त करून पुन्हा भरला. दुरुस्त करताना तिला सगळी वाट कळली. कुठला दाखला तहसीलदारांचा लागतो, नॉन-क्रीमी लेयर कुणाला लागतं आणि कुणाला नाही, डोमिसाइलला किती दिवस धरायचे. सगळ्यात मोठी अडचण बँकेची. खातं आधारशी जोडलेलं आहे एवढ्यावर पोरं निवांत असतात, पण सरकारचे पैसे आधारला शेवटी जे खातं मॅप केलेलं असतं त्यातच जातात. एखाद्याने मध्येच दुसरीकडे खातं उघडून तिथे आधार दिला असेल, तर पैसे भलत्याच खात्यात पडतात आणि पोरगं वर्षभर म्हणत राहतं, माझे आलेच नाहीत.

वर्गातल्या दोघी-तिघींनी विचारलं, तिने सांगितलं. मग खेड, जुन्नरकडून आलेली हॉस्टेलची मुलं यायला लागली. शेवटी तिने आणि चार मैत्रिणींनी लायब्ररीच्या पायऱ्यांशेजारी मंगळवार-गुरुवार जेवणाच्या सुट्टीत एक टेबल मांडलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं, ‘फॉर्म अडलाय? इथे या.’ फीमाफी आम्हाला लागू आहे का, हे विचारायलाच पहिल्या महिन्यात किती मुली आल्या. लागू नाही असं सांगताना वाईट वाटतं, पण नाही सांगितलं तर त्या दुसरा अर्ज भरतच नाहीत, असं ती म्हणायची. तिच्याकडे एक वही होती. डावीकडे मुलाचं नाव, पुढे त्याचा कुठला कागद कमी आहे तो, आणि शेवटी तारीख. कागद आला की टिक. मार्चपर्यंत एकाहत्तर नावं झाली होती. अठ्ठावन्न अर्ज वेळेत गेले. तेरा राहिले, त्या तेरांची कारणंही तिने लिहून ठेवली होती.

त्याच वर्षी ती एनएसएसमध्ये गेली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली, तरी आमच्या घरातून तिच्यात जाणारी ही पहिलीच. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांचे २४०, आणि सात दिवसांचं शिबिर. त्यांचं शिबिर मुळशी तालुक्यात एका गावात होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला. ती परत आली तेव्हा हाताला गोणी शिवायच्या दाभणाचे फोड होते आणि आवाज बसला होता. एनएसएसची डायरी असते, तिच्यात रोजचे तास आणि सरांची सही. ती डायरी पुढे फार कामाला आली, म्हणून ज्यांची मुलं त्यात आहेत त्यांना सांगते, डायरी त्याच दिवशी भरायला लावा. महिन्याने भरलेली डायरी वाचणाऱ्याला लगेच कळते.

मध्ये आणखी एक गोष्ट समजली ती लिहून टाकते. आमच्या पगारपत्रकात जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधीचे थोडे पैसे कापलेले असतात. इतकी वर्षं मी ती ओळ वाचून सोडून देत होते. तो निधी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा असतो, आणि हे मंडळ कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं. पगारातून ही कपात होत असेल तर आपल्या भागातल्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन विचारावं. आमच्या लाइनवरच्या तिघींनी त्यानंतर अर्ज केला.

२०२५ च्या जूनमध्ये बोर्डावर पुन्हा तोच कागद लागला. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही अर्ज करता येत होता. या वेळी मी ताईला काही म्हणाले नाही, कागदाचा फोटो फक्त पाठवला. रात्री तिने स्वतःच अर्ज काढला. सातव्या रकान्यात टेबलाचं लिहिलं, आकड्यांसकट, राहिलेल्या तेरांसकट. निबंधाचा विषय मात्र बदलला होता : तुमच्यामुळे घडलेली, किंवा घडता घडता राहिलेली एक गोष्ट.

ती उठली आणि पोटमाळ्यावर चढली. धाकट्याला खालून टॉर्च धरायला लावला. गणपतीच्या मखराच्या मागून एक पिवळी लाँगबुक काढली आणि पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली.

ती वही २०२० ची. तेव्हा ताई नववीत गेली होती. शाळा फोनवर सुरू झाली आणि आमच्या चाळीत अकरा मुलं होती, दुसरीपासून दहावीपर्यंतची. चालू स्मार्टफोन सात. ते सातही आईबापांचे, आणि कंपन्या उघडल्यावर फोन माणसांबरोबर कामावर जायला लागले. पोरांची रडारड, मोठ्यांची भांडणं. एक दिवस मी कामावरून आले तर ताई दारात उभी. म्हणाली, “आई, तुमचा शिफ्ट चार्ट कसा असतो, दाखव ना.” मी पर्समधून आमचा महिन्याचा चार्ट काढून दिला. तिने तो समोर ठेवून वहीत रेघा मारल्या. उभ्या रकान्यात सात फोन, आडव्या ओळीत तास. कुणाचा फोन किती ते किती घरी असतो ते प्रत्येक खोलीत जाऊन विचारून आली. एका इयत्तेची दोन मुलं असतील तर एकाच फोनवर. ज्याचा तास चुकला त्याला अभ्यास व्हॉट्सॲपवरून वहीत उतरवून ठेवायचा.

पहिल्या पानावर तिच्या अक्षरात नियम आहेत. हात धुऊन फोन घ्यायचा. गॅलरी उघडायची नाही. फोन आला तर पळत नेऊन द्यायचा. परत देताना चार्जिंग अर्ध्याच्या वर पाहिजे. चौथ्या नियमाखाली दोन रेघा आहेत, कारण शेजारच्या टेम्पोवाल्या काकांचा फोन एकदा माळेगावच्या वाटेवर बंद पडला होता आणि त्यांनी आठवडाभर दिला नव्हता.

मला हे सगळं आठवत होतं, पण घरकामासारखं आठवत होतं. यात सांगण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पहिल्या वर्षी त्या अर्ध्या पानासमोर तीन तास बसलो तेव्हा ही वही आमच्या डोक्यावर पोटमाळ्यात होती.

ताई पानं उलटत होती आणि जानेवारी २०२१ वर थांबली. तिथे एका मुलाचं नाव आहे. शेवटच्या खोलीतला, तेव्हा आठवीत. त्याच्या घरी फोन नव्हता. त्याचा तास दुपारी चारला, माझ्या फोनवर, कारण मी फर्स्ट शिफ्ट करून तोवर घरी येत असे. जानेवारीत माझी सेकंड शिफ्ट लागली. फोन माझ्याबरोबर दुपारी एकला जायचा आणि रात्री बाराला यायचा. दुसरा फोन त्या वेळेला मोकळा नव्हता. ताईने दोन-तीन ठिकाणी विचारलं, जमलं नाही. पोरगा महिनाभर अंगणात हिंडला, मग टायर-पंक्चरच्या दुकानात जायला लागला. शाळा पुन्हा नीट भरायला लागल्या तेव्हा त्याला रोज दीडशे रुपये मिळत होते. तो काही परत गेला नाही.

वहीत दर आठवड्याला नवं पान आहे. प्रत्येक पानावर ताईने त्याचं नाव लिहिलं आहे आणि समोरचे सहा चौकोन रिकामे. एप्रिलपर्यंत. नाव खोडलं नाही आणि चौकोनही भरले नाहीत.

“हे लिहू नकोस,” मी म्हणाले. “दहा मुलांचं वर्ष वाचवलंस ते लिही. एक राहिला तो कशाला सांगायचा?” ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिचं बघणं सहन होईना. फोन माझा होता. शिफ्ट बदलून मागता आली असती का, हे मी त्या वेळी विचारलंसुद्धा नव्हतं, आणि तिने मला कधी तसं बोलूनही दाखवलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघी भांडलो. बाबा मध्ये पडले नाहीत. पहाटे मी कंपनीच्या बससाठी उठले तेव्हा निबंध टेबलावर होता, मराठीत, चार पानं. तो मुलगा त्यात होता. माझा फोनही होता. कुणावर ठपका नव्हता, जसं झालं तसं लिहिलं होतं. मी वाचला आणि तसाच पिशवीत घालून घेऊन गेले.

शिफारसपत्रं दोन लागत होती. नातेवाइकांची नको, आणि ज्याने काम डोळ्यांनी पाहिलं आहे त्याचंच हवं. एक एनएसएसच्या सरांनी दिलं. दुसरं ताईने टेम्पोवाल्या काकांकडे मागितलं. मी म्हटलं, काका सातवी शिकलेले, कुणीतरी मोठा माणूस बघ. ती म्हणाली, पाहिलं तर काकांनीच आहे. काकांनी दोन दिवस घेतले. आखलेल्या कागदावर निळ्या पेनने लिहून दिलं, “सदर मुलगी माझा मोबाईल रोज संध्याकाळी सात ते आठ नेत असे व वेळेवर आणून देत असे. एकदा चार्जिंग कमी होते तेव्हा रागावलो होतो. नंतर कधी कमी आले नाही. माझा नातू तिच्यामुळे पास झाला.” खाली सही आणि गाडीचा नंबर. गाडीचा नंबर का, तर ओळख पटावी म्हणून.

बाकीच्या कागदांना एक आठवडा गेला. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, फीची पावती, पहिल्या वर्षाचं गुणपत्रक. टेबलावर पोरांना शिकवून ताईला ते पाठ होतं.

मुलाखतीचं बोलावणं ऑगस्टमध्ये आलं. कंपनीत नाही, शिवाजीनगरला एका संस्थेच्या खोलीत. मी अर्धी रजा टाकली. आम्ही नाशिक फाट्यावरून मेट्रोने गेलो. आमच्या घरापासून तिथवर यायला आधी बस धरावी लागते. ताईने मांडीवर पिवळी वही प्लास्टिकच्या पिशवीत धरली होती. खिडकीतून मुळा दिसली तेव्हा म्हणाली, “आई, त्यांनी फक्त टेबलाचं विचारलं तर बरं.” मी म्हटलं, विचारतील ते सांग.

बाहेर बाकावर आणखी पाच मुलं होती. एकाच्या हातात ट्रॉफी होती. ताई पस्तीस मिनिटं आत होती. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, आणि माझ्या पोटात गोळा आला. पाणी प्यायली, मग जिन्यात बसून सांगितलं.

आत तिघं होते. एक निवृत्त प्राचार्य, एक मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या बाई, आणि एक तरुण गृहस्थ जे फारसं बोलले नाहीत, लिहीत होते. टेबलाबद्दल दोन प्रश्न झाले. मग बाईंनी वही मागितली आणि एकेक पान उलटत गेल्या. जानेवारीशी थांबून विचारलं, “हे रिकामे चौकोन भरले का नाहीस?” ताईने सांगितलं. प्राचार्यांनी विचारलं, “आज तेच काम पुन्हा करायचं झालं तर काय बदलशील?”

ती म्हणाली, “सर, मी वेळापत्रक फोनांचं केलं होतं, मुलांचं नाही. एक फोन गेला तर एक मुलगा गेला. आधी मुलांची नावं लिहायला हवी होती आणि मग प्रत्येकासमोर फोन शोधायला हवा होता.” मग पिशवीतून टेबलाची वही काढून दाखवली. त्यात डावीकडे मुलांची नावं आहेत.

हे ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं की दुसरी वही तशी का आखली आहे. एकाहत्तर नावांची ती वही मी कितीदा उचलून बाजूला ठेवली असेल, जेवणाची ताटं मांडताना.

सप्टेंबरमध्ये पत्र आलं. त्या वर्षी चौतीस अर्ज होते आणि आठ जणांना मिळाली. त्यात ताई. पदवी पूर्ण होईपर्यंत वर्षाला साठ हजार, फीची पावती दाखवली की आधी कॉलेजच्या खात्यात, उरतील ते तिच्या खात्यात. दरवर्षी साठ टक्के टिकवायचे आणि वर्षात काय केलं ते एका पानात लिहून द्यायचं. मी पत्र लाइनवर नेलं. ज्या सहा जणींसाठी मी वॉशरूमचं बोलले होते त्यांनी ते एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देत वाचलं. एकीचा मुलगा यंदा बारावीला आहे. तिने विचारलं, “त्याने तर काहीच केलेलं नाही, आम्ही काय लिहिणार?” मी तिला सुट्टीत घेऊन बसले आणि विचारत गेले. सासू आजारी असताना कोण बघत होतं? सोसायटीचं पाणी कोण सोडतं? गावच्या यात्रेत कोण काय करतं? तिसऱ्या प्रश्नाला ती बोलायला लागली आणि सुट्टी संपली तरी थांबली नाही. तिला म्हटलं, आजपासून तारखा लिहून ठेवायला सांग.

पत्र आल्यावर दोन दिवसांनी ताई टायरच्या दुकानात गेली. तो मुलगा आता अठरा वर्षांचा आहे, स्वतः मशीन चालवतो. ती बोलत होती तोवर तो ट्यूबला पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. दहावीला बाहेरून बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून, हे त्याला माहीत होतं. दुकानात येणाऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. पण शाळेचा दाखला लागतो आणि शाळेत जायची त्याला लाज वाटते. “एवढा मोठा होऊन जाऊ का आता तिथे?” एवढंच म्हणाला.

ताईने टेबलाच्या वहीत त्याचं नाव लिहिलं आहे. समोर कमी असलेला कागद : शाळा सोडल्याचा दाखला. तारखेचा चौकोन रिकामा आहे. मागच्या गुरुवारी जायचं ठरलं होतं, तेव्हा तो आला नाही. गुरुवारी भोसरीत सुट्टी, दुकान बंद असतं. येत्या गुरुवारी येतो म्हणाला आहे. सकाळी मीही त्यांच्याबरोबर शाळेत जाणार आहे, म्हणून या आठवड्यात मी सेकंड शिफ्ट मागून घेतली आहे.